सिस्टर ३ : एका कादंबरीच्या कामाच्या नोंदी

१४ जून २०२४, शुक्रवार

साडेनऊला दुकान बंद केलं, जेवून अकराला फाइल उघडली. 'सिस्टर १' मध्ये एकतीस हजार शब्द झाले होते आणि नर्सची देवी झाली होती. 'सिस्टर २' मध्ये देवी नको म्हणून ती एवढी बिचारी केली की दर चार पानांनी खिडकीशी उभी राहून पाऊस बघते. दोन्ही फायली बाजूला. आजपासून 'सिस्टर ३'. कादंबरीला नाव नाही. मागच्या खेपेला नाव शोधण्यातच दीड महिना घालवला होता.

ठरलंय ते एवढंच. शालन, वय ४४, खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पलीकडची. ए.एन.एम. (सहायक नर्स-सुईण) झालेली. हॉस्पिटलची नोकरी सोडून आता घरोघरी पेशंट सांभाळते. पेशंट म्हणजे निपाणीचे दिवाणजी, वय ७९, जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला, फुफ्फुसं निकामी. मुलगा-सून पुण्याला. वाड्यात ही दोघंच, आणि सकाळी धुण्याभांड्याला येणारी काशी. दिवाणजी जाणार हे वाचकाला पहिल्या पानावरच कळतं. मग पुढची अडीचशे पानं त्याने कशासाठी वाचायची, ते मला अजून सांगता येत नाही.

शब्द: शून्य.

२७ जून

पंचवीस वर्षं औषधांच्या काउंटरला उभा आहे. घरातलं माणूस कुठवर आलंय ते मला बिलावरून कळतं. आधी खोकल्याची बाटली. मग इनहेलर. मग नेब्युलायझरच्या रेस्प्युल्स, म्हणजे औषधाच्या छोट्या कुप्या, सुरुवातीला पाच-पाच, नंतर अख्खा डबा. मग एक दिवस ॲडल्ट डायपर, लार्ज. दोन-तीन महिन्यांनी तेच घर मीडियम मागतं. साइज उतरली की मी काही विचारत नाही. पुढे अंडरपॅड, लघवीची युरोबॅग, एअरबेड म्हणजे हवेची गादी. आणि मग घरातला एखादा पुरुष येतो, जो आजवर कधी दुकानाची पायरी चढलेला नसतो. उधारी किती राहिली विचारतो, सगळी भागवतो, सुटे पैसेही न मोजता खिशात घालतो.

प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एक बिल घालायचं, असं रात्री एक वाजता सुचलं आणि फार खूश झालो. सकाळी दात घासताना ती नुसती हुशारी वाटली. बिलं काढली. डायपरची साइज ठेवली.

११ जुलै, गुरुवार

इथे बेळगावात, टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटजवळ एका आजींकडे ड्युटी करणारी सिस्टर आठवड्यातून दोनदा दुकानात येते. यादी वाचून दाखवते, पैसे देते आणि बिल हातात पडलं तरी लगेच जात नाही. फ्रिजला टेकून उभी राहते. "काल युरिन चारशे होती अण्णा, आज दीडशेवर आलीय. पायाला सूज हाय." मी औषधवाला, डॉक्टर नव्हे. "हो का," म्हणतो. मागचं गिऱ्हाईक चुळबुळायला लागलं की ती पिशवी उचलते.

आज धीर केला. नर्सवर कादंबरी लिहितोय, दोन पानं बघाल का, म्हणून विचारलं. "बघतो की," म्हणाली. बरी दहा पानं दिली.

१५ जुलै

पानं परत. लाल पेनाने तीन ठिकाणी खुणा.

पहिली. शालन दिवाणजींच्या मुलाला फोनवर सांगते, 'मी कालच गावाकडून आले.' सिस्टरने 'आले'ला गोल केलाय आणि मला विचारते, "ही पुण्याची हाय काय?" आमच्या भागातली बाई 'मी आलो' म्हणते, 'मी जेवलो' म्हणते. माझी आई म्हणायची, बायको म्हणते, आत्ता समोर उभी असलेली सिस्टर 'बघतो की' म्हणून गेली होती. कानात हे असून लिहायला बसलो की हातात शाळेतलं व्याकरण येतं. आता ठरलं: निवेदन पुस्तकी चालेल, पण शालन 'आलो'च म्हणणार. बाहेरच्या वाचकाला छपाईची चूक वाटेल, तळटीप द्यायची नाही. सुट्टीत आलेला नातू एकदा हसून विचारतो, "मावशी, तुम्ही मुलांसारखं का बोलता?" तेवढं पुरे.

दुसरी. शालन पेशंटला 'बाबा' म्हणते. "पगार घेऊन बाबा कसा म्हणायचा? दिवाणजी म्हणीन मी." मान्य.

तिसरी. 'तिने त्यांच्या कपाळावरून हळुवार हात फिरवला.' समासात एकच शब्द आहे: कशाला?

या तिसऱ्या खुणेचं काय करायचं ते दोन तास कळेना. शेवटी वाक्य खोडलं आणि त्या जागी तिला कूस बदलायला लावली. गुडघा दुमडून, एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे, आणि 'चला दिवाणजी' म्हणून एका दमात आपल्याकडे ओढून घेणं. पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी. मग माकडहाडावरची कातडी बोटाने दाबून बघायची: लाल डाग दाबल्यावर पांढरा होतोय का. होत नसेल तर बेडसोअरची सुरुवात. दर दोन तासांनी, म्हणजे दिवसरात्रीत बारा वेळा. कपाळावरून हात फिरवायला तिला वेळ कुठला?

शब्द: ५२०, पण कामाचे.

२६ जुलै, शुक्रवार

तीन दिवस कोसळतोय. शाळांना सुट्टी. दूधगंगा-वेदगंगेवरचे खालचे पूल पाण्याखाली, निपाणी-चिकोडीकडे जाणारा माल अडकलाय. गिऱ्हाईक नाही, म्हणून दुकानातच प्रकरण ४ लिहिलं.

पावसाळ्यातली रात्र, वाड्यातली लाइट जाते. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. बंद पडताना तो एक लांब पिपाणी वाजवतो, आणि ती थांबली की खोलीतली शांतता ऐकू येते, कारण ते यंत्र दिवसरात्र घुरघुरत असतं. शालन टॉर्च दातात धरून सिलिंडरची चावी फिरवते. बी-टाइप सिलिंडर, पूर्ण भरलेला असेल तर साधारण १५०० लिटर. मिनिटाला दोन लिटरने साडेबारा तास. पण काटा अर्ध्यावर आहे, म्हणजे सव्वासहा. रात्रीचे अकरा वाजलेत. सव्वापाचपर्यंत लाइट आली पाहिजे. ती हे तोंडी करते, आणि हिशेब जमल्यावर तिला बरं वाटतं. एवढ्या मोठ्या वाड्यात हा आकडा फक्त तिला माहीत आहे. तो सांगावा असं कोणी नाही. दिवाणजींना सांगून उपयोग नाही, पुण्याला फोन केला तर मुलगा 'दोन सिलिंडर का मागवले नाहीत' म्हणणार.

हे प्रकरण मला आवडलं. उद्या कदाचित आवडणार नाही, म्हणून आजच लिहून ठेवतो.

१८ ऑगस्ट, रविवार

निपाणीला जाऊन आलो. स्टँडवर उतरलं की अजूनही कुठून तरी तंबाखूचा झणका येतो. जुन्या वखारीत पायाखाली बारीक पूड असते, चपलेचा आवाज होत नाही. चाळणीवर बसणाऱ्या बायका नाकातोंडाला पदर गच्च बांधतात, तरी भुवया पिवळट होतात. दिवाणजी गादीवर बसून वजनं लिहिणारे. त्यांनी पूड चाळली नाही, फक्त तिच्यात चाळीस वर्षं श्वास घेतला.

१९८१ घ्यावं लागणार. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बेंगळूर महामार्ग रोखून धरला होता, नंतर गोळीबार झाला, शेतकरी मेले. दिवाणजी तेव्हा व्यापाऱ्याच्या गादीवर आणि त्यांचा सख्खा भाऊ हमरस्त्यावर बसलेला. ते दोघे पुन्हा बोलले नाहीत. हे मी तीस पानांत लिहू शकतो आणि नेमकं तेच करायचं नाही. शालनला त्यातलं काय दिसतं? भिंतीवर दोन भावांचा फोटो आणि त्यातल्या एकाबद्दल घरात कोणी बोलत नाही. ती रोज फोटो पुसते. तेवढंच.

येताना बसमध्ये एक जुनी अडचण पुन्हा उभी राहिली. 'सिस्टर २' मध्ये शालन सुट्टीला गावी जात नाही, कारण भाडं परवडत नाही. पण ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकिटाचे पैसे पडत नाहीत. आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. म्हणजे माझं कारण सरकारनेच काढून घेतलं. आता ती फुकट जाऊ शकते आणि जात नाही. गावात भाऊ-भावजय आहेत, आईची खोली आता धान्याची खोली झालीय, गेलं की भावजय 'किती दिवस?' असं हसून विचारते. हे कारण भाड्यापेक्षा कितीतरी खरं आहे. तिच्या पर्समध्ये शून्य रुपयांची दोन जुनी तिकिटं ठेवली. बेळगावपर्यंत जाऊन स्टँडवर चहा पिऊन परत आल्याची.

८ सप्टेंबर

गणपती. शब्द शून्य. मोदक अकरा.

१९ सप्टेंबर, गुरुवार

विसर्जन मंगळवारी सुरू झालं, कपिलेश्वर तलावाकडची गर्दी बुधवारी दुपारपर्यंत हलली नाही. झोप झालेली नाही, पण प्रकरण ६ डोक्यात तयार होतं.

मुलगा दोन दिवसांसाठी येतो. रात्री बापाला धाप लागलेली बघतो आणि कॉन्सन्ट्रेटरचा खटका दीडवरून पाचावर नेतो. कोणीही हेच करील. श्वास पुरत नाही तर हवा वाढवायची. पण या आजारात फुफ्फुसांतून कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, आणि ऑक्सिजन वारेमाप दिला तर तो आणखी साठतो. माणूस शांत होतो, गाल गुलाबी दिसतात, घरच्यांना वाटतं आराम पडला. खरं तर तो गुंगीत चाललेला असतो. म्हणून अशा पेशंटचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ८८ ते ९२ टक्क्यांमध्ये ठेवतात, ९८ चा हट्ट धरत नाहीत. शालन पहाटे उठून बघते, खटका परत दीडवर आणते. मुलगा जागा होतो. "तुम्ही माझ्या वडिलांचा ऑक्सिजन कमी केलात?"

त्या वाक्याला उत्तर काय? आधी तिच्या तोंडी अर्धं पान वैद्यकशास्त्र घातलं होतं. काढलं. ती दिवाणजींना उठवून बसवते, समोरच्या टेबलावर उशी ठेवून तिच्यावर हात टेकवायला लावते, टेबलफॅन थेट तोंडावर लावते. चेहऱ्यावर वारा आला की धापेची भावना कमी होते, हे चाचण्यांतही दिसलंय. आणि त्यांना शिट्टी वाजवल्यासारखे ओठ करून श्वास सोडायला लावते. दहा मिनिटांनी दिवाणजी मुलाला म्हणतात, "झोप जा."

मुलगा दुसऱ्या दिवशी तिला चहा करून देतो. साखर जास्त.

३ ऑक्टोबर

ओळखीच्या डॉक्टरांशी तासभर बोललो. शेवटच्या टप्प्यातल्या धापेला अगदी थोड्या मात्रेत मॉर्फिन देतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं, काउंटरवर कधी बघितलं नव्हतं. बघणार कुठून? १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याखाली ते इतकं जखडलेलं होतं की साध्या दुकानात येण्याचा प्रश्नच नव्हता. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं, पण अजूनही माझ्यासारख्या दुकानातून ते मिळत नाही.

कादंबरीत हे हवं. कागद घेऊन कोणीतरी बेळगावला जायचं, गोळ्या मोजून आणायच्या, वहीत लिहायच्या. पुण्याहून सुनेचा फोन: "अफू देऊन मारताय काय त्यांना?" यात सून खलनायिका नाही, माझ्या दुकानात येणारी निम्मी माणसं हेच म्हणतील. शालन गोळीबरोबर जुलाबाचं पातळ औषधही चालू करते, कारण मॉर्फिनने शौचाला घट्ट होतं. वाचकाला हे गद्य वाटलं तर वाटो. मरणाच्या दारातला माणूस चार दिवस शौचाला झालं नाही म्हणून रडतो, हे मी ऐकलेलं आहे.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन आणि एक नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकचा स्थापना दिन, एकाच दिवशी. एका रस्त्याने मराठी माणसांच्या काळ्या दिनाची सायकल फेरी, दुसऱ्या रस्त्याने राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, आणि दुकानात सगळे सारखेच ॲसिडिटीची गोळी मागायला.

सरांचा फोन. निवृत्त मराठीचे शिक्षक, माझं सगळं लेखन आधी वाचतात. म्हणाले, "शालन मराठी, दिवाणजींची आई कानडी, मधे मृत्यूची सीमारेषा. सीमाभागाचं रूपक झकास जमतंय." मी फोन ठेवल्यावर फाइल उघडून 'सीमा', 'रेषा', 'उंबरठा' हे शब्द शोधले. सतरा सापडले. सतराही उडवले. एका गावच्या साहित्य संमेलनवाल्यांनीही परवा विचारलं होतं, सीमाभागाची व्यथा असलेला उतारा वाचाल का. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावागावांत संमेलनं भरतात, माणसं मांडवात सकाळपासून बसतात, त्यांच्याबद्दल मला प्रेम आहे. पण युरोबॅग रिकामी करण्याचा उतारा आहे, चालेल काय, असं विचारल्यावर ते जरा थांबले.

१० नोव्हेंबर, रविवार

तरी दोन भाषा येणारच. दिवाणजींची आई संकेश्वरकडची, घरात पोरांशी कानडीत बोलायची. आमच्या भागात हे इतकं साधं आहे की कोणी सांगतही नाही. आजार वाढला तशी त्यांची मराठी विरळ होत जाते आणि आईची भाषा वर येते. शालन शाळेत कानडी शिकलेली, तिचं अडत नाही. मुलाला एक शब्द कळत नाही.

शेवटच्या दोन दिवसांतला प्रसंग. शालन चमच्याने पाणी घालतेय. दिवाणजी तोंड फिरवतात आणि म्हणतात, "साकु."

पुरे. मी या एका शब्दावर चार पानं लिहिली होती. आयुष्य पुरे, वखार पुरे, भावाशी भांडण पुरे. सिस्टरला वाचायला दिली. तिने वाचली, घडी घातली, म्हणाली, "पाणी पुरे म्हणून म्हटलं असंल की ओ."

चार पानं गेली. आता असं आहे: 'साकु,' ते म्हणाले. शालनने वाटी बाजूला ठेवली, ओल्या कापसाने ओठ पुसले, आणि वहीत लिहिलं: पाणी, ३ चमचे.

२६ डिसेंबर, गुरुवार

गांधीजींच्या अध्यक्षतेखाली १९२४ साली इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याची शताब्दी. सगळ्या शहरावर दिव्यांच्या माळा, टिळकवाडीकडचे रस्ते पोलिसांनी वळवलेले. मुलं गाडीवरून रोषणाई बघत फिरतायत. वडगावातले माग मात्र नेहमीसारखे खडखडत होते. रात्री उशिरा मनमोहन सिंग गेल्याची बातमी आली.

संध्याकाळी साताला एक गृहस्थ आले. कधी न बघितलेले. टिळकवाडीतल्या आजींचं नाव सांगितलं आणि विचारलं, "उधारी किती राहिली आहे?"

चौदाशे साठ. पंधराशे दिले. चाळीस न घेताच गेले.

आज लिहिलं नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

सिस्टर आली. नवी ड्युटी शहापुरातच, मला माहीतही नव्हतं. आजी २४ ला पहाटे गेल्या, २५ ला सकाळी नर्सेस ब्युरोचा फोन, दुपारी नव्या पेशंटकडे हजर. मधे एक रात्र मावसबहिणीकडे. पिशवीत परत करायचं सामान: डायपरचा अर्धा पुडा, दोन सीलबंद युरोबॅग, रेस्प्युल्स. फोडलेला पुडा परत घेता येत नाही. घेतला.

मग ती फ्रिजला टेकली आणि सांगायला लागली. नाव, वय, कशाने ॲडमिट होत्या, कधी घरी आणल्या. रात्री अकराला बीपी किती. बाराला नेब्युलायझेशन. दोनला कूस बदलली. अडीचपासून श्वास बदलला: आधी बारीक, मग मोठे मोठे, मग बारीक, आणि मग थांबायचा. तिने घड्याळ लावून मोजलं, वीस सेकंद, पुढे तीस. (पुस्तकात याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. चेन यांनी १८१८ मध्ये लिहिलं, स्टोक्स यांनी १८५४ मध्ये. सिस्टर त्याला 'वरखाली' म्हणाली.) गुडघ्यांवर निळे डाग. मुलीला उठवलं. चार दहाला थांबला तो परत आला नाही. १० सीसी सिरिंजने कॅथेटरचा फुगा उतरवला, नळी काढली, डोळे मिटवले, हनुवटी बांधली, पुसून घेतलं. साडी मुलीने नेसवली.

एका सुरात, कुठेही न अडखळता. आवाजात रडणं नव्हतं. मला कळेना हा कसला सूर आहे. मग तीच म्हणाली, "ओव्हर कोणाला देणार अण्णा? तिथं कोण न्हवतंच."

हॉस्पिटलमध्ये पाळी बदलताना प्रत्येक बेडपाशी उभं राहून एक सिस्टर दुसरीला पेशंट 'देते'. रात्री काय झालं, काय दिलं, काय राहिलं. त्याला ओव्हर म्हणतात. घेणारी ऐकते, रजिस्टरमध्ये सही करते, आणि मग आधीची घरी जाऊन झोपू शकते. आठ तास वाहिलेलं दुसऱ्याच्या डोक्यावर जातं. घरच्या ड्युटीत ती घेणारी सिस्टरच नाही. मुलगा 'कसे आहेत?' विचारतो, त्याला 'बरे आहेत' हेच ऐकायचं असतं.

म्हणजे दीड वर्ष ही बाई माझ्या फ्रिजला टेकून ओव्हर देत होती आणि मी 'हो का' म्हणत होतो.

१२ जानेवारी

खिडकी, पाऊस, एकट्याने जेवणं, न वाजणारा फोन: शालनच्या एकटेपणाची माझी सगळी चित्रं सिनेमातली होती. सगळी काढायला घेतली. एकवीस हजारांतले साडेचार हजार शब्द गेले. एकटं राहण्याचं तिला काहीच वाटत नाही, उलट रात्रीची सवय आहे. तिला अडतं ते इथे: सिलिंडरचा काटा, दीडशे मिली युरिन, टाचेवरचा लाल डाग, हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय तिला झोप लागत नाही. प्रकरण ४ मधला 'तो आकडा सांगावा असं कोणी नाही' हा जुलैतलाच आहे. हात बरोबर गेला होता, मला कळलं नव्हतं.

सार्वजनिक वाचनालयात जाऊन अरुणा शानबाग यांच्याबद्दल पुन्हा वाचलं. आमच्याच कर्नाटकातल्या, होन्नावरजवळच्या हळदीपूरच्या. मुंबईच्या केईएममध्ये नर्स होत्या, २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ पर्यंत त्या तिथेच अंथरुणावर होत्या. त्यांना सांभाळलं ते केईएमच्या नर्सेसनी. आधी मी ही हकिगत त्यागाची म्हणून टिपून ठेवली होती. आता वेगळाच हिशेब सुचला: रोज तीन पाळ्या धरल्या तर पंचेचाळीस हजारांवर ओव्हर. कितीजणी नोकरीला लागल्या, निवृत्त झाल्या, पण एकीने दुसरीला दिलं आणि दुसरीने घेतलं. कादंबरीत यातलं काही येणार नाही. शालनच्या मागे ती गोष्ट असेल, तिने ट्रेनिंगला असताना ऐकलेली, आणि ती कोणाला सांगणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

३० जानेवारीला कर्नाटक सरकारचा आदेश निघाला. सन्मानाने मरण्याच्या हक्काबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली, ती आता इथे राबवायची. बरा न होणारा पेशंट कृत्रिम उपायांवर ठेवायचा की नाही हे ठरवायला डॉक्टरांची दोन मंडळं, आणि माणसाने आधीच लिहून ठेवायचं इच्छापत्र. सरांचं म्हणणं, दिवाणजींना हे इच्छापत्र लिहायला लाव, नाट्य येईल.

येईल. पण दिवाणजी व्हेंटिलेटरवर नाहीत, वाड्यात आहेत. त्यांना 'दवाखान्यात नेऊ नका' एवढं म्हणायचंय आणि ते त्यांनी शालनला नव्हे, काशीला सांगितलंय, अंगण झाडताना. आणि काशीने कोणालाच सांगितलेलं नाही, कारण तिला कोणी विचारलं नाही. हे जास्त आमच्याकडचं आहे. ठेवलं.

२३ फेब्रुवारी

मृत्यूचं प्रकरण. सहा वेळा लिहिलं. सिस्टरने सांगितलेला क्रम तसाच ठेवला. नवीन एवढंच: सकाळी भटजी विचारतात, किती वाजता गेले? शालन घड्याळ बघून चार दहा सांगते. भटजी पंचांगात बघून म्हणतात, पंचक लागतंय, साडेचारच्या पुढचं असतं तर सुटलं असतं. सगळे तिच्याकडे बघतात. मुलगा बाजूला घेऊन म्हणतो, "सिस्टर, वीस मिनिटांनी काय फरक पडतो?"

ती वही पुढे करते. चार दहा लिहिलंय, खाडाखोड चालत नाही. तिच्याकडे सही करणारं दुसरं कोणी नाही, पण वही आहे. शेवटी पंचकाची शांत करायचं ठरतं, खर्च कोणी करायचा यावर पुण्याला फोन होतो.

९ मार्च, रविवार

शेवटचं प्रकरण. शालनने ओव्हर कोणाला द्यायचा? मेडिकल दुकानदाराला द्यावा असा मोह आठवडाभर होता. स्वतःला कादंबरीत बसवून घेण्याइतकं वय झालेलं नाही अजून. बसच्या कंडक्टरला? गोड होतं. दिवाणजींच्या फोटोला? देवा.

काशीला दिला. अंत्ययात्रा गेलीय, वाड्यात बायका आहेत, माजघरात कुजबुज. काशी खोली पुसतेय. शालन पलंगाशी उभी राहते आणि सुरू करते: नाव, वय, रात्री अकराला बीपी. काशी फडकं पिळते, पलंगाखाली हात घालून पुसते, मधेच 'व्हय', मधेच 'अगं बाई'. दोन पानं चालतं. चार दहा येतं. काशी बादली उचलते, दारापर्यंत जाते आणि वळून विचारते, "ती हवेची गादी तुमी नेणार काय, का मी नेऊ?"

कादंबरी इथे संपते. निदान या खेपेला. एकूण ४८,२०० शब्द.

सोमवारी सिस्टरला दिलं. आज परत आलं. लाल पेनाने एकच खूण आहे, शेवटच्या ओळीखाली: 'धुऊन न्यायला सांगा. आणि पंपपण द्या, नुसती गादी घेऊन ती काय करणार.'